खिडकी : तीन कॉफी

अकराला गेली.
आधी पंखा रेंगाळत थांबला, मग फ्रिजची घरघर,
मग तिस्कवरची सगळी दुकानं एकदम गप्प,
आणि ऐकू आलं
की वारा कधीचा बोलतोय.

आवेलिनोनं काउंटरमागचं चकचकीत यंत्र
फडक्यानं थोपटलं, "तू झोप" म्हणाला
आणि आतून काढला आईच्या वेळचा पितळी स्टोव्ह,
सोबत फ्लानेलची पिशवी,
इतक्या वर्षांच्या कॉफीनं काजूच्या सालीसारखी झालेली.
"आज फक्त काळी. बाणस्तारीला झाड पडलंय,
दूध त्याच्या पलीकडे."

माझ्या फोनात सात टक्के होते
आणि पुण्याच्या एका कंपनीचं पत्र :
पाचच्या आत हो किंवा नाही कळवा.
मी तो बशीखाली उलटा ठेवला.

सुलक्षा टीचर दाराशी, जिथवर उजेड येतो तिथवर,
मांडीवर सहावीचे पेपर.
विजेचे दोन उपयोग लिहा.
एकानं लिहिलेलं : एक, पंखा. दोन, पंखा.
त्यांनी क्षणभर छताकडे पाहिलं
आणि दोन्ही मार्क दिले.

एकच्या सुमाराला दार ढकलून आत आलं
नरकासुराचं डोकं.
खाली चिखलाचे सहा पाय.
मांडव उडाला होता, धड पटांगणातच बसकण मारून,
डोकं तेवढं पोरांनी वाचवलेलं.
"अंकल, हांगा दवरूं?"
आवेलिनोनं मधलं टेबल रिकामं केलं.
गवत, रद्दी, खळ, चार रात्रींचं जागरण;
मिशीचा रंग ओघळून हनुवटीला आलेला.

"परवा पहाटे जाळणारच ना याला?" मी विचारलं.
"जाळणार," साईश म्हणाला,
"पण सर्दीनं मरायला नको."
टीचरनी रुमाल काढून त्याचं नाक पुसलं.
सवयीनं.

तीनला शाणू गावडे आला, वीज खात्याचा,
कमरेला पट्टा, डोक्यापासून निथळत.
सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं
जणू लायट त्याच्याच खिशात आहे.
त्यानं खिसे उलटे करून दाखवले :
एक पक्कड, भिजलेल्या दोन विड्या.
"बेतोड्याला चार खांब आडवे.
माझ्या घरीपण नाही, बायको मलाच फोन करते."
दोन कप प्यायला आणि झोपला,
गाल टेबलावर, नरकासुराच्या समोरासमोर.

मग बराच वेळ काहीच झालं नाही.
पत्र्यावर पाऊस. रॉकेलचा वास.
कुणीतरी सांगत होतं, कुर्टीला त्याच्या काकाची बोकडी
वाऱ्यानं कुंपणापलीकडे नेऊन ठेवली, उभीच्या उभी.
एरवी मी विश्वास ठेवला नसता.

आणि आली!
मिक्सर कोणीतरी चालूच सोडलेला, तो किंचाळला,
पोरांनी गुपचूप प्लग लावून ठेवलेला, त्यामुळे
नरकासुराचे डोळे उघडले, लालबुंद, शाणूच्या तोंडावर.
शाणू खुर्चीसकट मागे : "मी नाही लावली!"
आणि गेली.
अंधारात हसू कुणाचं कुठलं कळेना.
टीचरचं सगळ्यांत मोठं होतं.

पाच वाजून गेल्याचं मला पावणेसहाला कळलं.
बशी उचलली, बघितलं,
परत ठेवली.

बिलाचं मशीन बंद. आवेलिनोनं
कॅलेंडरचं पान फाडून मागे पेन्सिलीनं मांडलं,
नावं माहीत नव्हती म्हणून जागा लिहिल्या :
दार, दोन आणि एक पाव.
खिडकी, तीन.
शाणूचे लिहून खोडलेले.
नरकासूर, एक.
"सुटे कुणाकडेच नाहीत. मग द्या."

दिवाळी उलटल्यावर गेले. यंत्र फुसफुसत होतं,
स्टोव्ह आत. पान मात्र अजून खिळ्याला.
दाराचे आले होते.
"खिडकी मी," म्हटलं.
त्यानं मान वर करून पाहिलं, जणू पहिल्यांदाच.
नरकासुराचं कोण देणार, तो तर पहाटेच जळला,
वाजतगाजत, कोरडा ठणठणीत.
मी चार कॉफींचे दिले.